गाडीतले व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अण्णांचे कान

तासगावात एक जुनी विलायती गाडी आहे. तिच्यातल्या रेडिओचे चार स्क्रू काढून पत्र्याचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला काळ्या शाईत माझं नाव दिसेल आणि नावाबरोबर माझी चूक. अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. चूक माझी नाही. ती कुणाची होती हे एकाच माणसाला सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही. एका अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून सांगणं आलं, तेव्हा गमतीजमती लिहीन असं ठरवून बसले होते. पण हात पुन्हा पुन्हा त्या झाकणाकडेच जातोय, तर आधी तेच लिहून मोकळी झाले.

नवऱ्याला आम्ही 'हे' म्हणतो. पण लेखात सगळीकडे 'हे' लिहिलं तर कोण हे आणि कोण ते, वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. सगळी सांगली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही इथं अण्णाच लिहिते. समोर कधी म्हटलं नाही.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी नव्यानं गुंडाळून द्यायचे. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि तांब्याची तार गुंडाळायला बसायचं, हा आमच्या घरातला गृहपाठ. अण्णा सांगलीहून वडिलांकडे रेडिओचे बारके ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला घेऊन यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "इतकं साफ काम कुणाचं आहे?" वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लोक मुलगी बघायला येतात आणि कांदेपोहे खातात. अण्णांनी कॉइल बघितली, पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही, आणि पुढच्या महिन्यात सोयरीक जुळली.

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. काम एकच, गाड्यांतले रेडिओ. घरातला रेडिओ दुरुस्त करणारे गल्लोगल्ली होते. गाडीतल्या रेडिओला मात्र हात लावायला लोक बिचकायचे, कारण तो चालतो कसा हेच पुष्कळांना ठाऊक नसायचं.

ते सोपं करून सांगते. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचं. त्या नीट तापल्याशिवाय रेडिओ बोलत नाही, आणि त्यांना दोनशेच्या वर व्होल्ट लागतात. गाडीची बॅटरी देणार सहा, फार तर बारा. मधली चढण चढवायला एक अंगठ्याएवढी पत्र्याची डबी असायची, तिचं नाव व्हायब्रेटर. तिच्यात एक पोलादी पट्टी सारखी थरथरत असते आणि बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा तोडते आणि जोडते. तसा तुटका प्रवाह झाला की ट्रान्सफॉर्मर तो वाढवून देतो. बटण फिरवलं की आधी डबीची गुणगुण यायची, काडेपेटीत भुंगा कोंडावा तशी. मग अर्धा मिनिट काहीच नाही. मग हळूच कुठून तरी लांबून आल्यासारखं गाणं यायचं. आताच्या माणसाला त्या अर्ध्या मिनिटात वाटेल की बिघडला.

त्या पट्टीच्या टोकाला प्रवाह जोडणारे धातूचे ठिपके असत, ते काळे पडायचे आणि चिकटून बसायचे. डबी उघडून ते बारीक कानशीनं घासणं आणि जळालेले ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं हे माझं काम. बाकी सगळं अण्णांचं.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "अण्णा, हा बनवलाय कुणी?" कंपन्यांची नावं मी इथं घेत नाही. कंपन्या मेल्या, पण त्यांच्या नावानं भांडणारे म्हातारे अजून जिवंत आहेत. अमेरिकन सेट म्हणजे एकच मोठा डबा, स्पीकर त्याच्यातच, उचलताना कंबर धरायची. इंग्रज दोन डबे करायचा, बटणांचा पुढं आणि विजेचा कुठं तरी सीटखाली दडवलेला. डच माणसाचं काम देखणं, पण एका स्क्रूपर्यंत पोचायला अकरा स्क्रू काढावे लागायचे. जर्मन झाकणात आतल्या जोडणीचा नकाशा चिकटवून द्यायचा, त्याला अण्णा मनापासून हात जोडायचे. पुढं कलकत्त्यात आणि मुंबईत सेट जुळवायला लागले, त्यांचा पत्रा पातळ पण सुटे भाग लगेच मिळायचे. आणि गंमत म्हणजे पुढच्या पट्टीवरचं नाव पुष्कळदा गाडीच्या कंपनीचं असायचं. गाडीवाले रेडिओ दुसऱ्याकडून बनवून घ्यायचे आणि वर आपलं नाव ठोकायचे, लग्नात मुलीचं आडनाव बदलतात तसं. आत व्हॉल्व्ह तिसऱ्याचे, व्हायब्रेटर चौथ्याचा. आणि आमच्या भागातल्या खड्ड्यांतून दहा वर्षं फिरला की ट्रान्सफॉर्मर माझा. पण मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. सेट दुरुस्त केला की मिस्त्री झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचा. तारीख, काय बिघडलं होतं, कुणी केलं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. ते पुढच्या मिस्त्रीसाठी. सेट कुठंही गेला तरी उघडणाऱ्याला त्याचं दुखणं आणि औषध दोन्ही कळावं, आणि लिहिणाऱ्यानं आपली चूकही लपवू नये. अण्णा म्हणायचे, "गिऱ्हाइकाशी एक वेळ खोटं बोलशील, झाकणाशी नाही." एका सेटमध्ये आम्हाला कोल्हापूरच्या कुणा मिस्त्रीनं लिहिलेलं सापडलं होतं की माझ्या हातून खालची तार तुटली, घाईत जोडली आहे, सांभाळा. अण्णांनी त्या न पाहिलेल्या माणसाची आयुष्यभर तारीफ केली. आमच्याकडच्या सेटवर ते स्वतःचं नाव लिहायचे. ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला असला तरी त्यांचंच. त्यात त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. दुकानाचं नाव म्हणजे त्यांचं नाव, इतकं ते सरळ होतं.

आणि अण्णांचे कान. त्यासाठी लोक साताऱ्या-कोल्हापुरातून यायचे. एकदा म्हसवडहून लोकरीचे एक व्यापारी जीप घेऊन आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आवं अण्णा, लय वैताग आलाय बगा. गाडी हुबी असली की ह्यो रेडू गुणानं गातोय, आन् गाडी चालू केली की तडतड तडतड. पाव्हणं म्हनत्यात, रेडू लावलाय का लाह्या भाजतायसा?"

अण्णा रेडिओकडे गेलेच नाहीत. बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "तिसरा प्लग." त्या प्लगच्या तारेला एक बारकी वस्तू जोडली. तडतड गेली.

ते गृहस्थ बघतच राहिले. "आवं, तुमी रेडूला हातबी लावला न्हाई."

"रेडिओ बरा होता," अण्णा म्हणाले, "शेजारी भांडखोर होता."

व्हायब्रेटरच्या नुसत्या गुणगुणीवरून ते सांगायचे, ठिपके घासायला झालेत, किंवा आतला कंडेन्सर गळतोय, किंवा अजून दोन वर्षं बघायला नको. मला पहिल्यांदा वाटायचं अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय. मग मी डब्या उघडून बघू लागले, आणि माझा तोरा उतरला.

पुढं ट्रान्झिस्टर आले. व्हायब्रेटर गेला, नळ्या गेल्या, तापण्याची वाट बघणं गेलं. लोक म्हणायचे, अण्णा, आतलं सगळं काढा आणि नवीन भरा, वरची पट्टी राहू द्या. अण्णा म्हणायचे, माणूस पुरून त्याच्या कपड्यात दुसरा उभा करायचं काम आमच्याकडे होत नाही. मग आमचं घर मिक्सर, पंखे आणि माझ्या मोटर गुंडाळण्यावर चाललं. नळ्यांचे खोके माळ्यावर गेले. अण्णा दर दिवाळीच्या साफसफाईला ते खाली काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा वर ठेवायचे. मला ते बघवत नसे.

आणि गेल्या काही वर्षांत चमत्कार झाला. जुन्या गाड्या जतन करायची हौस लोकांना लागली. गाडी जुनी तर रेडिओही तोच हवा, आणि तो वाजायलाही हवा. विचारत विचारत पुण्या-बेळगावची माणसं आमच्या गल्लीत येऊ लागली. अण्णांनी ऐंशीच्या घरात पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालायला सुरुवात केली. सकाळी आठला दुकान उघडून बसायचे. त्यांचं इतकं हसू मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

नेमकं त्याच सुमाराला त्यांना ऐकू येईनासं झालं.

मला ते एका दुपारी कळलं. टेबलावर सेट चालू होता, पण डबीतली पट्टी चिकटून बसली होती. गुणगुण नाही, गाणं नाही, काही नाही. अण्णा मान डोलवत म्हणाले, "छान चाललाय." ते जेवून आडवे झाले, तेव्हा मी डबी उघडली, ठिपके घासले, पट्टी मोकळी केली आणि पुन्हा होता तसा सेट लावून ठेवला. उठल्यावर त्यांनी झाकणात लिहिलं, तपासला, उत्तम. मी ते लिहिताना बघत होते.

पुण्यात असलेल्या आमच्या मुलानं कानात घालायचं यंत्र आणून दिलं. अण्णांनी ते दोन दिवस वापरलं, तिसऱ्या दिवशी घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडलं. म्हणाले, "बघू तरी बनवलंय कुणी." ते पुन्हा बंद झालं नाही. दुसरं आणू म्हटलं तर म्हणाले, "माझ्या कानाला काही झालेलं नाही. लोकच हल्ली पुटपुटतात."

त्यांना खरं सांगायला हवं होतं, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण ज्या माणसाकडे लोक कानासाठी येतात, त्याला तू बहिरा आहेस असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पुन्हा माळ्यावर खोके जातील, इस्त्रीचा शर्ट जाईल, आणि हा माणूस भिंतीकडे बघत बसेल, याची मला भीती वाटली. म्हणून मी एक व्यवस्था बसवली. गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या खांद्यामागे, अण्णांना दिसेल अशी उभी राहायची. गिऱ्हाईक बोललं की तेच वाक्य मी पुन्हा म्हणायची, तोंड नीट उघडून. "म्हणजे स्टेशन सरकतंय म्हणता." "म्हणजे फ्यूज सारखा जातोय." अण्णा माझे ओठ वाचायचे आणि गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचे. वर हसून म्हणायचे, "हिला सगळं दोनदा बोलायची खोड लागलीय." गिऱ्हाईकही हसायचं. मीही हसायची. दोन वर्षं असं निभावलं, आणि एकही सेट चुकीचा बाहेर गेला नाही.

मग तासगावचे बाळासाहेब आले. बेदाण्याचे व्यापारी, पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांच्या वडिलांची विलायती गाडी आणि वडिलांचाच रेडिओ. वडील द्राक्षाच्या बागेत गाडी उभी करायचे, चारी दारं उघडायचे आणि ऐकत बसायचे. "दुसरा बसवायचा न्हाई अण्णा, ह्योच वाजला पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. सेट आमच्याकडे ठेवून ते गेले, गाडी तिकडे गॅरेजात कामाला लागली.

त्या सेटमधला व्हायब्रेटर दोन्ही बाजूंनी बसतो अशा जातीचा होता. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असे. नंतरच्या गाड्यांत मायनस. बॉडीला प्लस असेल तर ही डबी एका बाजूनं बसवायची, मायनस असेल तर फिरवून. उलटी बसली तर ट्रान्सफॉर्मरची राख. म्हणून आमच्या धंद्यात सेट हातात घेताना पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि अण्णांनी तो बाळासाहेबांना विचारला होता. तेव्हा उत्तर होतं, प्लस.

मधे आठवडाभरानं बाळासाहेब एकदा येऊन गेले. मी दळण आणायला गिरणीत गेले होते. दोन वर्षांत गिऱ्हाईक आलं आणि मी नव्हते असं तेवढं एकदाच झालं. मी परत आल्यावर अण्णा म्हणाले, "तासगावकर येऊन गेले. सहज आले होते." मीही पीठ चाळायला बसले.

सेट बसवायच्या दिवशी गाडी सकाळीच दारात आली. काळी, लख्ख, गल्लीतली माणसं बघायला जमली. अण्णांनी स्वतः आत वाकून सेट बसवला, तारा जोडल्या, आणि ऐटीत पुढच्या सीटवर बसून बटण फिरवलं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते. उंबऱ्यातच मला गुणगुण ऐकू आली आणि माझे पाय थांबले. ती गुणगुण नव्हती. जड, घोगरी, ओझं ओढल्यासारखी घरघर होती. अण्णांची बोटं सेटच्या पत्र्यावर होती, डोळे मिटलेले, व्हॉल्व्ह तापायची वाट बघत होते.

"बंद करा," मी ओरडले. गल्लीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं, अण्णांनी नाही. मी ट्रे रस्त्यावर ठेवला, खिडकीतून हात घालून बटण फिरवलं. तोपर्यंत धूर निघाला होता. जळालेल्या मेणाचा आणि डांबराचा वास आला. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

बाळासाहेब पुढं आले. "आवं अण्णा, मी येऊन सांगून गेलो हुतो की. वायरिंग नवीन केलं तवा बॉडीला मायनस घेतलं म्हनून. तुमी मान हलवलीसा, व्हय व्हय म्हनलासा..."

अण्णा गोंधळलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते. मग नेहमीसारखं माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत ते?"

मी त्या क्षणी काय विचार केला, खरंच आठवत नाही. गल्ली जमलेली, गाडीतून धूर येतोय आणि हा ऐंशी वर्षांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात माझ्या ओठांकडे बघतोय. मी तोंड नीट उघडून म्हणाले, "बॉडीला मायनस केलंय असा निरोप त्यांनी माझ्याकडे दिला होता. मी तुम्हाला सांगायला विसरले."

बाळासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस, त्यांना लगेच कळलं.

अण्णा मला कधी चारचौघांत बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "पन्नास वर्षं माझ्याबरोबर काम करतेस आणि प्लस-मायनस सांगायला विसरतेस? हे काय आमटीतलं मीठ आहे?" आवाज मोठा होता, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे. मग बाळासाहेबांना हात जोडून म्हणाले, "आमच्या घरातून चूक झाली. माफ करा." बोलणं मी सोसलं. ते जोडलेले हात अजून सोसत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर मी पुन्हा गुंडाळला. मोतीबिंदू काढलेले डोळे, केसाहून बारीक तार, आणि वेढे हजारांत. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून केलं. तीन आठवडे लागले. सेट वाजला. मग अण्णांनी टेबलावर झाकण उपडं घेतलं आणि रीतीप्रमाणे लिहिलं. "ट्रान्सफॉर्मर जळाला. बॉडीला मायनस केल्याचा निरोप सांगायचा राहिला, सौ. विमल. ट्रान्सफॉर्मर नवीन केला." नवीन कुणी केला ते लिहिलं नाही. पन्नास वर्षांत माझं नाव पहिल्यांदा रेडिओच्या आत गेलं ते असं. मला फार लागलं. आणि तरी मी काय बोलणार होते? त्यांनी झाकणाशी खोटेपणा केला नव्हता. खोटी मी होते.

गाडी न्यायला आलेले बाळासाहेब दारात हळूच म्हणाले, "काकू, तुमी कशाला अंगावर घेतलंसा?"

"रेडिओ वाजतोय ना?" मी म्हटलं.

मला वाटलं होतं तेवढ्यावर संपेल. माझं डोकं तेवढंच चाललं. अण्णांनी मात्र या प्रकरणातून धडा घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता, कारण ते चोख कारागीर होते. आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "काही निरोप असेल तर मला थेट सांगा. हिच्या लक्षात राहत नाही." मी खांद्यामागे उभी राहिले की म्हणायचे, "तू आत जा, मी बघतो." मी त्यांचे कान होते, आणि मीच त्यांना सांगितलं होतं की हे कान भरवशाचे नाहीत. ते एकटे गिऱ्हाइकाशी बोलायचे, मान हलवायचे आणि भलतंच करून ठेवायचे. मी मागून निस्तरायची. सगळं निस्तरता येत नसे. पुण्याची माणसं यायची थांबली, मग बेळगावची. मी कान झाकायला खोटं बोलले आणि त्यानंच दुकान बुडालं.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांना माझी काळजी वाटू लागली. मला घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, आजकाल ही विसरते म्हणून. डॉक्टरांनी मला तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मी खाली दोनपर्यंत न थांबता आले. हजारो वेढे मोजणाऱ्या बाईला त्यात काय. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजींचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. आजोबा, तुमच्या कानांचं बघायला हवं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत डॉक्टर?"

"वयोमानानं होतं म्हणतात," मी म्हटलं. घरी येताना त्यांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला, मी हरवेन म्हणून.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ऐकू येणं पूर्ण गेलं होतं, आणि ते त्यांनीही मान्य केलं होतं, आजारपणामुळे म्हणून. मी एक दोनशेपानी वही आणली. तिच्यात लिहून आमचं बोलणं चालायचं. 'भात मऊ केलाय.' 'मुलगा शनिवारी येतोय.' ते वाचायचे आणि उत्तर तोंडानं द्यायचे. संसारात आम्ही इतकं नेमकं कधी बोललो नव्हतो.

त्या दिवसांत मी ठरवलं की आता सांगायचं. अब्रू राखायला दुकान उरलं नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं. आणि मला ते हवं होतं, हे कबूल करते. माझी चूक नव्हती हे या एका माणसाला कळावं, आणि 'विमल, तुझं चुकलं नव्हतं' असं त्यानं जाण्याआधी एकदा म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. लोकांना कळलं काय आणि न कळलं काय. रोज वही उघडायची आणि औषधाचं लिहून मिटायची.

एका दुपारी बसले. ते भिंतीला टेकून पडले होते, डोळे उघडे. मी वहीत लिहिलं, 'तासगावच्या रेडिओच्या वेळी', आणि पुढचे शब्द जुळवायला थांबले.

तेवढ्यात तेच बोलायला लागले, छताकडे बघत, त्या मोठ्या आवाजात. "विमल, एक बोलायचं होतं. त्या तासगावकरांसमोर मी तुला बोललो, ते बरं नाही केलं. चारचौघांत बोललो. झाकणातही लिहिलं. रीत असेल, पण नव्हतं लिहायला पाहिजे. माणूस विसरतं गं. वयानं सगळ्यांचंच होतं. मी कधीच मनातून काढून टाकलंय ते. माझ्या मागं तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोटं गार होती. किती दिवस मनात घोळवून ते हे बोलले असतील, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटत होतं, तेही दिसत होतं. मला राग आला. रडूही आलं. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या वहीकडे गेली.

"काय लिहितेस?" त्यांनी विचारलं.

अर्ध्या वाक्यापुढं मी लिहिलं, 'मी विसरले. माझं चुकलं', आणि वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी उशाचा चष्मा शोधून लावला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, आणि चष्मा काढून माझ्या हातात देत म्हणाले, "असू दे."